एम ८२ दीर्घिका वर्षाला किती सूर्य घडवते: प्रोजेक्टच्या नोंदी

६ जानेवारी

टॉपिक एकदाचा फायनल झाला. दीर्घिकांमध्ये तारे किती वेगाने बनतात ते त्यांच्या प्रकाशावरून मोजायचं. मॅडम म्हणाल्या रोज जे केलंस ते लिहून ठेव, चुकलेलं पण लिही, नाहीतर मार्चमध्ये रिपोर्टला बसशील तेव्हा कुठला आकडा कुठून आला ते तुझं तुलाच सापडणार नाही. म्हणून या नोंदी.

एकक आधीच लिहून ठेवते कारण पुढे सगळीकडे तेच येणार: वर्षाला किती सूर्यांएवढ्या वस्तुमानाचा वायू ताऱ्यांत बदलतो. आपल्या आकाशगंगेचा दर साधारण २ सूर्य. पहिल्यांदा वाचलं तेव्हा एवढासाच? असं झालं, शंभर अब्जांच्या वर तारे असलेला पसारा आणि वर्षाला दोनच सूर्यांचा माल. पण अब्जावधी वर्षं हे चालू आहे आणि पूर्वी वेग जास्त होता, म्हणजे हिशोब बरोबर लागतो.

८ जानेवारी

आज नुसतं वाचन. मूळ कल्पना मला फार आवडली म्हणून माझ्या शब्दांत लिहिते.

तारा बनताना आपण बघू शकत नाही, त्याला लाखो वर्षं लागतात. पण खूप जड तारे फार थोडं जगतात. सूर्य १० अब्ज वर्षं जगणार, २० सूर्यांएवढा जड तारा मात्र कोटीभर वर्षांच्या आतच संपतो. म्हणजे कुठे जड तारा दिसला की समजायचं हा आत्ताच जन्मलाय, जुना असूच शकत नाही. आणि हे तारे इतके तापलेले असतात की ९१२ अँगस्ट्रॉमपेक्षा (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग) लहान तरंगलांबीचा अतिनील प्रकाश भरपूर फेकतात, त्याने आजूबाजूच्या हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सुटतो, तो परत पकडला जाताना पायऱ्या उतरत येतो आणि तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर येताना ६५६३ अँगस्ट्रॉमचा लाल प्रकाश सोडतो. हीच एच-अल्फा रेषा. फोटोत तारानिर्मितीची ठिकाणं गुलाबी दिसतात ती मुख्यतः हिच्यामुळे.

मग एच-अल्फाची एकूण दीप्ती, म्हणजे दर सेकंदाला एकूण किती प्रकाश बाहेर पडतो ते, मोजली की जड तारे किती ते कळतं आणि त्यावरून सगळे मिळून किती बनले असतील ते काढायचं. केनिकट आणि इव्हान्स यांनी २०१२ मध्ये दिलेलं सूत्र वापरायचं ठरलंय: एर्ग प्रति सेकंदात एच-अल्फाची दीप्ती घ्यायची, तिचा लॉग काढायचा, त्यातून ४१.२७ वजा करायचे, उत्तर सूर्य प्रति वर्ष याचा लॉग. दिसायला एका ओळीचं. या ४१.२७ मध्ये काय काय दडलंय ते मात्र नीट बघायला हवं.

११ जानेवारी

एसडीएसएसमधून २० दीर्घिकांचे वर्णपट डाऊनलोड केले. न्यू मेक्सिकोत अपाचे पॉइंटला अडीच मीटरची दुर्बीण आहे, तिच्यावरचा हा सर्व्हे, आणि डेटा सगळ्या जगाला फुकट. संगमनेरच्या पोरीला पुण्यातल्या रूमवर बसून हे मिळतं याचं मला अजूनही भारी वाटतं.

पहिला गोंधळ लगेच. माझ्या फिटमधून प्रत्येक दीर्घिकेचा वेग कॅटलॉगपेक्षा ८० किलोमीटर प्रति सेकंदच्या आसपास जास्त येत होता. एखादीचा आला असता तर समजू शकते, सगळ्यांचा तेवढाच? दुपार गेली. शेवटी कळलं की एसडीएसएस तरंगलांबी निर्वात धरून देतं, हवेतली नाही. निर्वातात एच-अल्फा ६५६४.६ ला येते आणि मी पाठ केलेलं ६५६२.८ हे हवेतलं. फरक १.८ अँगस्ट्रॉम, म्हणजे बरोब्बर ८२ किलोमीटर प्रति सेकंद. दर काढायला याने काही बिघडलं नसतं, पण सगळीकडे सारखीच चूक आली की दीर्घिकेवर संशय न घेता स्वतःच्या कोडवर घ्यायचा, हे इथे लिहून ठेवते.

१५ जानेवारी

एच-अल्फाच्या दोन्ही बाजूंना नायट्रोजनच्या रेषा चिकटलेल्या असतात, ६५४८ आणि ६५८४. मी सरळ सगळा उंचवटा मोजत होते म्हणजे नायट्रोजनचा प्रकाश हायड्रोजनच्या नावावर. आता तीन गॉसियन (घंटेच्या आकाराचे वक्र) एकत्र बसवते, तिघांची रुंदी सारखी, नायट्रोजनच्या दोन रेषांचं प्रमाण १ ला ३ असं पक्कं बांधलेलं (ते अणूच्या रचनेतूनच येतं, त्यात आपण लुडबूड करायची नाही). फिट सुंदर बसले. दोन वर्षं एकटीने पायथन शिकल्याचं चीज झालं असं आज वाटलं.

१९ जानेवारी

धूळ. आजपासून खरा प्रोजेक्ट सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही.

तारे जिथे जन्मतात तिथेच धूळ सगळ्यात जास्त, म्हणजे जे मोजायचंय तेच झाकलेलं. पण निसर्गाने एक सोय ठेवलीये. एच-अल्फा आणि एच-बीटा (हायड्रोजनचीच दुसरी, निळसर रेषा) या दोन रेषांचं प्रमाण धूळ नसताना २.८६ येतं, १०,००० केल्विनच्या वायूसाठी. धूळ निळा प्रकाश जास्त खाते त्यामुळे एच-बीटा जास्त घटते आणि प्रमाण २.८६ च्या वर जातं. जितकं वर, तितकी धूळ. सुरुवातीला किती प्रकाश निघाला होता ते यावरून मागे जाऊन काढता येतं.

एका दीर्घिकेचं पूर्ण गणित लिहिते, रेडशिफ्ट (प्रकाश लाल बाजूला किती सरकला ते) ०.०५, अंतर साधारण २२२ मेगापार्सेक (एक मेगापार्सेक म्हणजे साधारण ३२.६ लाख प्रकाशवर्षं). प्रमाण आलं ५.६. धूळ कुठला रंग किती खाते ते सांगणारा कॅलझेटीचा नियम लावला तर एच-अल्फा ५.८ पटीनं वाढवावी लागते. मॅडमना दाखवलं तर त्यांनी वर्णपट झूम केला आणि म्हणाल्या, "एच-बीटाच्या खाली बघ, खड्डा दिसतोय का?" दिसत होता. जरा जुन्या ताऱ्यांच्या वातावरणात हायड्रोजन हीच तरंगलांबी शोषून घेतो त्यामुळे आधी खड्डा असतो आणि त्या खड्ड्यात आपली रेषा उभी. मी जमिनीपासून उंची मोजत होते, खड्ड्याच्या तळापासून मोजायला हवी होती. एच-अल्फाला फरक थोडा पडतो, एच-बीटाला फार, कारण ती मुळात लहान.

पीपीएक्सएफ हा प्रोग्राम वापरून ताऱ्यांचा भाग आधी बसवून वजा केला. प्रमाण ५.६ वरून ४.५ वर आलं, आणि ५.८ पटीचे झाले ३.३ पट. म्हणजे त्या खड्ड्याकडे लक्ष दिलं नसतं तर माझं उत्तर जवळजवळ दुप्पट चुकलं असतं आणि मला कधी कळलंही नसतं, आलेख तर छानच दिसत होता. शेवटचा आकडा: धुळीकडे दुर्लक्ष केलं तर वर्षाला ०.१० सूर्य, धूळ धरून ०.३३.

२४ जानेवारी

२० पैकी ३ बाद. त्यांचं नायट्रोजनचं आणि ऑक्सिजनचं प्रमाण सांगतं की वायू ताऱ्यांनी तापलेला नसून बहुतेक मधल्या कृष्णविवरामुळे तापतोय. हे ओळखायचा आलेख बाल्डविन, फिलिप्स आणि टर्लेविच यांनी १९८१ मध्ये दिला, अजून सगळे तोच वापरतात.

उरलेल्या १७ चा तक्ता घेऊन गेले. मॅडमनी एकच विचारलं, फायबर (दीर्घिकेचा प्रकाश टिपणारी काचेची तार) आकाशात केवढा? ३ आर्कसेकंद, एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. ०.०५ रेडशिफ्टला त्यात जेमतेम ३ किलोपार्सेकचा (दहाएक हजार प्रकाशवर्षांचा) मधला तुकडा येतो, बाकीची दीर्घिका बाहेर. म्हणजे माझा ०.३३ हा आकडा दीर्घिकेचा नाहीच, तिच्या मधल्या घासाचा आहे. हे मला माहीत होतं, वाचलं होतं, पण तक्त्याच्या डोक्यावर मी "दीर्घिकेचा दर" असंच लिहिलं होतं.

त्या म्हणाल्या आता २० नको, एकच घे, जवळची घे, जिचा सगळा प्रकाश सगळ्या बाजूंनी मोजलेला आहे. एम ८२. आणि चार वेगवेगळ्या प्रकाशांनी एकच दर काढून दाखव. माझ्या ३ आर्कसेकंदांच्या फायबरमध्ये एम ८२ चा किती भाग मावला असता ते काढलं: १६६ प्रकाशवर्षं रुंद ठिपका. दीर्घिका हजारो प्रकाशवर्षांची.

२ फेब्रुवारी

घरी आलेय. रात्री गच्चीवर १०×५० ची दुर्बीण घेऊन बसले. ईशान्येला सप्तर्षी वर चढले की त्यांच्या चौकोनाच्या कर्णाची रेघ तेवढीच पुढे नेली की एम ८१ आणि ८२ ची जोडी. आमच्याकडून ती आकाशात चाळीसेक अंशांच्या वर जातच नाही, त्यात खालच्या बाजूला गावाचे लाईट. तरी मिळाली. एम ८१ म्हणजे पुसटसा गोलसर डाग आणि शेजारी त्याहून पुसट लांबट रेघ. ती रेघ १ कोटी १४ लाख प्रकाशवर्षांवर आहे. योहान बोडे याने १७७४ च्या शेवटच्या दिवशी ही जोडी पहिल्यांदा पाहिली.

शेजारच्या एम ८१ च्या ओढाताणीमुळे एम ८२ चा वायू मध्याकडे कोसळला आणि मधल्या दोन-तीन हजार प्रकाशवर्षांच्या पट्ट्यात तारे धडाधड बनायला लागले. इतके की त्यांच्या वाऱ्याने आणि स्फोटांनी वायू चकतीच्या वर-खाली फेकला जातोय, एच-अल्फा फोटोत लाल झालरी दिसतात त्या त्याच.

५ फेब्रुवारी

पहिला प्रकाश, एच-अल्फा. इथे मी माझं काही मोजलं नाही, छापलेला पूर्ण दीर्घिकेचा फ्लक्स (आपल्यापर्यंत पोचणारा प्रकाश) घेतला आणि धुळीची दुरुस्ती मुद्दाम केली नाही, नुसतं डोळ्यांना दिसतं तेवढ्यावर काय येतं ते बघायला. आलं वर्षाला १ सूर्यापेक्षा कमी. त्यात नायट्रोजनचा वाटा आहे तो काढला तर आणखी कमी.

आकाशगंगेचा दर २ आणि जिला सगळे स्फोटक तारानिर्मितीचं उदाहरण म्हणून दाखवतात तिचा दर एकही नाही? अतिनीलमध्ये तर याहून वाईट अवस्था असणार, धूळ अतिनील आणखी जास्त खाते आणि एम ८२ आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसते, म्हणजे सगळी धूळ आडवी. शिवाय झालरींमधला एच-अल्फा सगळा तिथल्या ताऱ्यांचा नाही, काही आतून निघून धुळीवर आपटून वळलेला आणि काही धक्क्याने तापलेल्या वायूचा. म्हणजे जिथे दिसतोय तिथे तारे नाहीत आणि जिथे तारे आहेत तिथे दिसत नाही.

९ फेब्रुवारी

दुसरा प्रकाश, इन्फ्रारेड. धुळीने खाल्लेला प्रकाश कुठे जात नाही, धूळ तापते आणि तोच प्रकाश उष्णतेच्या रूपात परत टाकते. आमच्या जुन्या घरात चूल भिंतीच्या पलीकडे होती, जाळ दिसायचा नाही पण अलीकडून भिंतीला हात लावला की आजीने पेटवलीये की नाही ते कळायचं. तसंच.

आयआरएएस उपग्रहाने १९८३ मध्ये जवळजवळ सगळं आकाश इन्फ्रारेडमध्ये पाहिलं. त्याचे एम ८२ चे आकडे ज्यान्स्कीमध्ये (हे फ्लक्सचं एकक): १२ मायक्रॉनला ७९, २५ ला ३३३, ६० ला १४८०, १०० ला १३७४. साठवर शिखर म्हणजे धूळ चांगलीच तापलेली. चारही आकडे जोडून एकूण फ्लक्स काढला, अंतर घातलं, उत्तर आलं वर्षाला ८२,००० सूर्य.

हे चुकलंय हे कळायला फार हुशारी लागत नाही, पण कसं पटवायचं ते शोधलं. एम ८२ मध्ये ताऱ्यांसाठी उपलब्ध रेणूरूप वायू साधारण १ अब्ज ३० कोटी सूर्यांएवढा. वर्षाला ८२,००० च्या दराने तो सोळा हजार वर्षांत संपला असता, माणूस गुहेत चित्रं काढत होता तेव्हापासून आत्तापर्यंत. चूक एककात होती, फ्लक्स चौरस मीटरमागे आणि अंतर मी सेंटीमीटरमध्ये घातलं, १०,००० पट फरक. दुरुस्त केल्यावर दीप्ती ५५ अब्ज सूर्यांएवढी आणि दर वर्षाला ८.२ सूर्य.

८.२! एच-अल्फाच्या दहापट. दीर्घिका तीच, रात्र तीच. दहातले नऊ भाग धुळीच्या आड होते.

१३ फेब्रुवारी

आज ४१.२७ च्या आत शिरले. जड ताऱ्यांवरून सगळ्यांचा अंदाज बांधायचा तर एका खेपेत कुठल्या वजनाचे किती तारे बनतात याचं प्रमाण गृहीत धरावं लागतं. साल्पीटर यांनी १९५५ मध्ये पहिलं दिलं, मी क्रूपा यांचं वापरतेय. साल्पीटरचं लहान ताऱ्यांकडे जास्त झुकतं म्हणून त्याने तोच प्रकाश दीडपट दर देतो. जुन्या पेपरातले आकडे नव्यांशी ताडताना हे पाहिलं नाही तर नसलेला फरक दिसेल.

क्रूपाचं समाकलन मी हाताने केलं, मग कोडने ताडून पाहिलं. ०.१ ते १०० सूर्य एवढ्या पल्ल्यात २० सूर्यांच्या वरचे तारे हजारात फक्त २. वस्तुमानात मात्र त्यांचा वाटा जवळपास १२ टक्के. म्हणजे एच-अल्फा मोजताना आपण हजारातल्या दोघांना पाहतो आणि बाकी ९९८ कागदावर मांडतो.

हे फोनवर आप्पांना सांगितलं. आप्पा लग्नात मांडवाबाहेरच्या चारचाकी मोजून पंगतीला किती पान लागेल सांगतात आणि ते चुकत नाहीत. म्हणाले, "पोरी, गाडीमागं माणसं किती ते गावागावावर आहे. नगरकडचं वऱ्हाड असलं तर टेम्पो भरून येतंय, गाड्या चारच दिसतात." मी गप्पच झाले. हाच तर प्रश्न आहे, हे प्रमाण सगळ्या दीर्घिकांत सारखंच असतं का? एम ८२ सारख्या धुमश्चक्रीतही? रिपोर्टमध्ये हे गृहीतक पहिल्या पानावर टाकणार, तळटीपेत नाही.

१७ फेब्रुवारी

तिसरा प्रकाश, रेडिओ. जड तारे फुटतात, त्या धक्क्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळायला लागतात आणि चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेताना रेडिओ लहरी देतात. रेडिओला धुळीशी काही देणंघेणं नाही, आरपार येतात. १.४ गिगाहर्ट्झला एम ८२ चा फ्लक्स पावणेआठ ज्यान्स्कीच्या आसपास. सूत्र तसंच, फक्त ४१.२७ च्या जागी २८.२०. यावेळी एककं तीनदा पाहिली. दर आला ७.१.

इन्फ्रारेडने ८.२, रेडिओने ७.१. दोन अगदी वेगळे प्रकाश, एक तापलेल्या धुळीचा आणि एक फुटलेल्या ताऱ्यांचा, आणि उत्तर एवढं जवळ. आनंदाने रूममेटला झोपेतून उठवून सांगितलं.

२० फेब्रुवारी

मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "रेडिओच्या सूत्रातला तो २८.२० कुठून आला?"

रात्री शोधलं. दीर्घिकांची दूर-इन्फ्रारेड दीप्ती आणि रेडिओ दीप्ती एकमेकींच्या प्रमाणात असते, हा पक्का आणि फार आश्चर्याचा संबंध आहे, आणि रेडिओचं सूत्र त्या संबंधावरूनच बसवलेलं आहे. म्हणजे रेडिओ आणि इन्फ्रारेड जुळले हा दोन साक्षीदारांचा मेळ नाहीच, एकाने दुसऱ्याकडून ऐकून सांगितलंय. जुळण्याचा अर्थ एवढाच की एम ८२ त्या संबंधाला धरून आहे. तेही कमी नाही, पण मी "स्वतंत्र पडताळा" असं शीर्षक टाकलं होतं ते खोडलं.

वाईट वाटलं हे खरं. पण मॅडमनी उत्तर न सांगता मला शोधायला लावलं, त्यामुळे हा मुद्दा आता माझा झाला. स्वतंत्र पडताळा हवा असेल तर अशी गोष्ट मोजायला हवी जी दीप्तीवरून येत नाही.

२८ फेब्रुवारी

विज्ञान दिनाला खोडदला जाऊन तिथली मोठी रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, बघून आले. पुणे-संगमनेर एसटीने नारायणगाववरून किती वेळा गेले असेन, पण उतरून आत आज पहिल्यांदाच गेले. शाळांच्या गाड्याच गाड्या, पोरांची झुंबड, प्रत्येक टेबलावर प्रयोग. आणि मध्ये त्या ४५ मीटरच्या तबकड्या, पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या, वारा आरपार जातो म्हणून हलक्या सांगाड्यावर उभ्या राहतात. एकूण ३०, त्यातल्या १४ मधल्या भागात आणि बाकी तीन हातांवर २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी हे डिझाईन इथल्या खर्चात बसेल असं आखलं. खाली द्राक्षाच्या बागा आणि वर ही तबकडी, मी बराच वेळ नुसती बघत उभी होते.

तिथल्या एका संशोधकांना मी माझा प्रश्न विचारला की रेडिओ तर आरपार येतो ना. ते म्हणाले कुठल्या फ्रिक्वेन्सीला? एम ८२ च्या मध्यात आयनीकृत (इलेक्ट्रॉन सुटलेला) वायू इतका दाट आहे की कमी फ्रिक्वेन्सीचा रेडिओ तोच गिळतो, ४०० मेगाहर्ट्झच्या खाली येताना फ्लक्स अपेक्षेएवढा वाढत नाही. म्हणजे रेडिओलाही पडदा आहे, धुळीचा नाही, तापलेल्या वायूचा! १.४ ला त्रास कमी. आणि खूप वर गेलं, ३० गिगाहर्ट्झच्या पुढे, तर त्याच तापलेल्या वायूचा स्वतःचा प्रकाश वरचढ होतो, तो थेट जड ताऱ्यांच्या आयनीकरणावरून येतो आणि धूळ त्याला अडवत नाही. एच-अल्फाचंच काम, पण पडद्याशिवाय. मी हे बसस्टँडवर उभ्या उभ्या मोबाईलमध्ये टाइप केलं.

तिथे आणखी एक गोष्ट भिंतीवर वाचली ती माझ्या कामाची निघाली. याच दुर्बिणीने २०२० मध्ये ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचून सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन मोजला, आणि तारानिर्मितीचा दर काढला तो रेडिओ प्रकाशावरूनच. निघालं असं की त्यांचा वायू १ ते २ अब्ज वर्षांत संपला असता, बाहेरून नवा तेवढ्या वेगाने मिळाला नाही आणि म्हणून विश्वातली तारानिर्मिती त्यानंतर मंदावत गेली. दर काढायचा कशासाठी, या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर मला मिळालं नव्हतं. माझ्या एम ८२ साठी तोच भागाकार केला, वायू भागिले दर: १६ कोटी वर्षं. बाहेर फेकला जाणारा वायू धरलाच नाही, तो धरला तर आणखी कमी.

४ मार्च

स्वतंत्र पडताळा सापडला. दीप्ती सोडून द्यायची आणि मरणारे तारे मोजायचे.

८ सूर्यांच्या वरचा तारा सुपरनोव्हा होऊन, म्हणजे प्रचंड स्फोटाने, संपतो. १३ फेब्रुवारीचं समाकलन परत काढलं: बनलेल्या प्रत्येक १०० सूर्यांच्या मालामागे असे तारे साधारण १.१. दर ८.२ असेल तर वर्षाला ०.०९, म्हणजे अकराएक वर्षांत एक स्फोट. आता एम ८२ च्या मध्यात रेडिओत पन्नासच्या आसपास बारीक ठिपके दिसतात, त्यातले बरेचसे सुपरनोव्हाचे अवशेष. त्यांचे आकार आणि पसरण्याचा वेग यावरून वय काढून लोकांनी स्फोटांचा दर काढलाय, १० ते २० वर्षांत एक. इथे इन्फ्रारेड-रेडिओचा तो संबंध कुठेच आलेला नाही, नुसती मोजदाद. माझा अकरा त्यात बसतो. आणि एच-अल्फाच्या उघड्या दराने आला असता शंभरेक वर्षांत एक, तो अजिबात बसत नाही.

प्रत्यक्ष दिसलेले स्फोट पण शोधले. २००४ मध्ये एक जड ताऱ्याचा, धुळीने पार लाल झालेला. २००८ चा तर दृश्य प्रकाशात कुणालाच दिसला नाही, २००९ मध्ये रेडिओच्या डेटात एक नवा तेजस्वी ठिपका सापडला तेव्हा कळलं की मागच्या वर्षी इथे तारा फुटून गेला. केवढी मोठी गोष्ट, आपल्या शेजारच्या दीर्घिकेत सुपरनोव्हा होतो आणि सगळ्या जगाच्या दुर्बिणींतून निसटतो! २०१४ चा मात्र सगळ्यांनी पाहिला, लंडन विद्यापीठाच्या वेधशाळेत विद्यार्थ्यांच्या प्रॅक्टिकलच्या वेळी सापडला. तो मी मोजणार नाही कारण तो श्वेत बटूचा, म्हणजे विझलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या गाभ्याचा, स्फोट, त्याचा आत्ताच्या तारानिर्मितीशी सरळ संबंध नाही. पाच वर्षांत जड ताऱ्यांचे दोन स्फोट यावरून दर काढायचा मोह झाला होता, दोन आकड्यांवरून दर निघत नाही म्हणून सोडला.

८ मार्च

ड्राफ्ट परत आला. मॅडमनी तक्त्याच्या शेजारी पेन्सिलने दोन रिकामे रकाने आखून दिलेत: कुठले तारे, किती वर्षांचे.

भरायला बसले आणि तक्ता पूर्ण वेगळा दिसायला लागला. एच-अल्फा गेल्या कोटीभर वर्षांतलं सांगते, त्यातही सरासरी ३० लाख वर्षांतलं. अतिनील, इन्फ्रारेड आणि रेडिओ यांच्यात साधारण १० कोटी वर्षांपर्यंतचं मिसळलेलं. आणि ही सगळी सूत्रं दर स्थिर आहे असं धरून बसवलेली. एम ८२ मध्ये तो स्थिर नव्हता, तिथे तारे लाटांमध्ये बनले. लाट नुकतीच ओसरली असेल तर इन्फ्रारेड अजून कालचं सांगत असेल. तेव्हा ८.२ मधला तो .२ मी काढून टाकला. रिपोर्टमध्ये लिहिलंय साधारण ८, क्रूपाचं प्रमाण धरून, गेल्या काही कोटी वर्षांची सरासरी, अंतर ३.५ मेगापार्सेक. अंतरात १० टक्के चूक असली तर दरात २० टक्के येते, तेही लिहिलं.

आप्पांचा फोन आला होता, किती निघाले म्हणून. आठ म्हटलं. "आणि दिसले किती?" एकही पुरा नाही. थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले बाकीचे टेम्पोनं आले असतील.

अतिनीलचा रकाना अजून रिकामा आहे. गॅलेक्स या अतिनील अवकाश दुर्बिणीचा फोटो उतरवून ठेवलाय, पार्श्वभूमी वजा करायची बाकी. उद्या सकाळी तेच पहिलं.